कोरा फाळका

बाबा, हे लिहायचं मी बरेच दिवस पुढं ढकलतोय. आधी ठरवलं, गाडी पूर्ण झाली की लिहायचं. मग वाटलं, गाडीचा रंग वाळतोय तोवर लिहून टाकू. रंग वाळला, पण तेवढ्यात देवबागला कुणाच्या तरी बोटीचं इंजिन बिघडलं म्हणून बोलावणं आलं, तिथून मी दुसऱ्याच एकाबरोबर गोव्याला गेलो, आणि परत आलो तेव्हा वही कुठं ठेवली तेच आठवेना. माझं सगळं असंच आहे. बारावीचे दोन पेपर दिले आणि तिसऱ्याच्या सकाळी खाडीवर गरी टाकून बसलो. कसालला एका गॅरेजात राहिलो, तिथून हॉटेलात, हॉटेलातून बोटीवर. आई म्हणते, "तुझ्या पायाक चाकां लावन पाठवल्यानी तुका." तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, ते मला ठरवता येत नाही. तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्ही गेलात तेव्हा मी बालवाडीत होतो. त्यामुळं तुमचं बोलणं माझ्याकडे थोडंच आहे. जे आहे ते डिझेलचा वास, तुमचे हात, आणि दारात उभा असलेला डंपर.

तर तो डंपर मी बांधलाय. हातभर लांबीचा, रिमोटवर चालणारा. हसू नका. देवबागला गेल्या हंगामात एक पाहुणा उतरला होता, मोठा माणूस, दाढी पिकलेली, आणि वाळूत खेळण्यातला ट्रक चालवायचा. म्हणजे मी खेळणं म्हटलं तर त्याला राग आला. त्याचं म्हणणं, हे खेळणं नव्हे, खऱ्या गाडीची हुबेहूब प्रत आहे, मापानं लहान केलेली. एका संध्याकाळी लाट आली आणि ती हुबेहूब प्रत खाऱ्या पाण्यात गेली. सगळे बघत बसले. मी ती उघडली, गोड्या पाण्यानं धुतली, मोटर वाळवली, गंजायच्या आत ग्रीस लावलं, आणि ती पुन्हा चालली. जाताना त्यानं मला एक जुना रिमोट आणि दोन मोटरी दिल्या. म्हणाला, काहीतरी बनव. दुसऱ्या कुणी विमान बनवलं असतं, बोट तरी. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

आपल्याकडे त्या डंपरचा एकच फोटो आहे, दसऱ्याचा. पुढून काढलेला. हिरवी केबिन, काचेवर पिवळी पट्टी, झेंडूची माळ, आणि दाराला टेकून तुम्ही. त्यावरून मापं काढली. तुमची उंची आईला विचारली, तिनं दाराच्या चौकटीवर हात ठेवून दाखवली, आणि फोटोतल्या तुमच्यावरून फोटोतली गाडी मोजली. चासीला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, केबिनला फोमशीट, तिच्या दारांना आणि मागच्या हौद्याला तेलाच्या डब्याचा पत्रा. चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे करवतीच्या पात्यांचे केले. ताडपत्री जुन्या छत्रीच्या कापडाची. हौदा उचलायला पाहुण्याच्या दोनातली एक मोटर लावली, ती कण्हत कण्हत उचलते, पण खरा तरी कुठं गप्प उचलायचा. एकदा हौसेनं त्यात तुमच्या रेडीच्या लोखंडाच्या खाणीवरून आणलेली खरी खनिजाची माती भरली तर मागचा अ‍ॅक्सल वाकला. तेव्हा आठवलं. तुम्ही एकदा त्या मातीतला एक काळपट दगड माझ्यासाठी आणला होता. मी दोन्ही हात पुढं करतो, तुम्ही तो हळूच ठेवता, आणि माझे हात खाली जातात. "बघ कितको जड. ह्योच भरून नेतंय मी रोज." तो दगड मी कुठं टाकला ते आठवत नाही. विहिरीत टाकला असणार, आवाज ऐकायला. मला तेव्हा सगळ्याचाच आवाज ऐकायचा असायचा.

आणखी एक आठवतं. तुमचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा होता. मी मांडीवर बसून दोन्ही हात शेजारी लावून बघायचो. खिडकीबाहेर कोपर काढून चालवायचात म्हणून तसं, हे मला गॅरेजात गेल्यावर कळलं, सगळ्या ड्रायव्हरांचा तसाच असतो. म्हणून मॉडेलच्या उजव्या दाराच्या कडेला, खिडकीखाली, मी हिरवा रंग थोडा घासून काढला, आतला पत्रा दिसेल इतका. तेवढं एक मला जमलं असं वाटतं. आणि एकदा तुम्ही मला ओरडलात, तेही आठवतं. मी चिखलाच्या पायानं टायरवर चढून केबिनमध्ये जात होतो. तुम्ही खाली उतरवलंत आणि म्हणालात, "पाय धुवन ये. गाडी म्हणजे गोठो न्हय." मी पाय धुऊन आलो तोवर तुम्ही जेवायला बसला होतात. केबिनमध्ये त्या दिवशी चढलो की नाही, आठवत नाही. बहुतेक नाहीच.

आता जिथं चुकलो ते सांगतो. ही मॉडेलं करणारे लोक फोनवर एकमेकांचं काम बघतात. त्यांच्यात नव्या रंगाच्या चकचकीत गाडीला कुणी विचारत नाही. गाडी राबलेली दिसली पाहिजे. गंजाचे ओघळ, चाकावर चिखल, काचेवर वायपरनं पुसलेला अर्धगोल, हे ज्याला जमलं तो कारागीर. मी म्हटलं, आपल्याला तर धूळ शोधायलाही जायला नको. रेडीची लाल माती कापडातून चाळली, पातळ केलेल्या फेविकॉलात कालवली, कोरड्या ब्रशनं थापटून थापटून लावली. पाट्यांच्या फटीत, दाराच्या बिजागरीत, हेडलाइटच्या कडांना. माझ्या आयुष्यात कुठल्याच कामावर मी इतका बसलो नव्हतो. फोनवर फोटो टाकला तर कोल्हापूरच्या, नागपूरच्या अनोळखी लोकांनी विचारलं, ही खरीच गाडी आहे ना? मला वाटलं, आता आईला दाखवायला हरकत नाही. तुमच्या फोटोखाली जे फडताळ आहे तिथं ठेवायचा, असं मी मनात धरलं होतं.

आई भाताचे तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, चष्मा लावला, आणि बराच वेळ बघितलं.

"कोणाचो रे ह्यो?"

"बाबांचो. ओळखाक येणा नाय तुका?"

"तेंचो न्हय ह्यो."

"अगो, हिरवी केबिन, पिवळी पट्टी, सगळा फोटोत आसा तसाच केलंय."

"माती कितकी ती. तेंनी असली गाडी कधी दारात उभी केल्यानी नाय."

"ती मुद्दाम लावलेली हा. खरो वाटाक व्हयो म्हणान."

"मुद्दाम? आपली गाडी मुद्दाम कोण बरबटवता?"

आणि तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि पुसायला लागली. मी ओरडणार होतो. ते दिवसचे दिवस केलेलं काम तिच्या पदराला लाल होऊन येत होतं. पण ती पुसता पुसता बोलत होती, आणि तुमच्याबद्दल ती आपणहून बोलते असं फार कमी वेळा होतं, म्हणून मी गप्प बसलो. म्हणाली, तुम्ही आधी व्हाळावर, खालच्या ओढ्यावर जायचात. गाडी धुवायचात, मग स्वतः आंघोळ करायचात, कपडे बदलायचात, आणि मग घरी. पावसात जायचात, तापातही जायचात. ती म्हणाली, "तू बारको आसताना एकदा तेंका तशेच लाल बघितलंस. केसापासून पायापर्यंत लाल. असो किंचाळलंस की दोन दिस तेंच्याकडे जाईनास. तेवापासून गाडी धुवल्याशिवाय, आंग धुवल्याशिवाय तेंनी उंबरो चढाक नाय."

बाबा, मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तुम्हाला नेहमी स्वच्छ बघितलं आणि मला वाटायचं, तुम्ही तसेच असता. मोठा झाल्यावर रेडीच्या रस्त्यावर लाल झालेले ड्रायव्हर बघितले, तेव्हा वाटलं, बाबा यांच्यासारखेच असणार, आणि तसा डंपर बनवला. तुमचा तो रोजचा व्हाळ मधल्यामध्ये राहूनच गेला. तुम्ही माझ्यासाठी जे पुसून यायचात तेच मी माती चाळून चाळून परत लावलं, आणि वर कौतुक करून घेतलं. तुम्ही असतात तर विचारलं असतं, लाल हातानं मला उचलावंसं कधी वाटलं नाही का. थकून व्हाळात उभे असताना माझा राग आला नाही का. आता विचारायला कुणी नाही.

आईनं पुढची बाजू पुसली, दोन्ही कडा पुसल्या, आणि गाडी फिरवून मागून बघितली. मागचा फाळका, हौद्याची मागची झडप, कोरा होता. पिवळा रंग दिलेला, बाकी काही नाही. "हय काय तरी लिवलेला होता," ती म्हणाली. मी म्हटलं, तेच तर तुला विचारायचं होतं. प्रत्येक डंपरच्या मागं काहीतरी असतं, देवाचं नाव, एखादी ओळ, हसवणारं काहीतरी. तुमच्या फाळक्यावर लाल अक्षरं होती हे मला चित्रासारखं आठवतं, पण अक्षरं मला तेव्हा ओळखता येत नव्हती. आईनं डोळे मिटून आठवून बघितलं. "कोण वाचता आपल्या घरच्या गाडयेर काय लिवला ता. आणि तेंनी गाडी कायम उलटी आत घालायची, मागचा तोंड गडग्याच्या भिंतीक लावन. सकाळी सरळ भायर काढाक बरी म्हणान." मग तिनं पिवळ्या फाळक्यावरून बोट फिरवलं. "पोरांची नावां लिवतत बहुतेक सगळे," म्हणाली, आणि सूप पुढं ओढून परत तांदूळ निवडायला लागली. मी विचारलं, फोटोखाली ठेवू का? "पुरो झालो की ठेव. अर्धो कित्याक ठेवतस?"

तुमच्या माघारी काकांनी गाडी विकली ती कुणाला, ते काकांनाच धड आठवत नाही. आरटीओत जाऊन काही मिळणार नाही, फाळक्यावरचं तिथं कोण लिहून ठेवतो. म्हणून रेडीला गेलो. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथं डंपर रांगेत थांबायचे, तिथं अजून एक चहावाला आहे. त्याला तुमचं वर्णन सांगितलं, गाडीचं सांगितलं.

"हिरव्या केबिनची," मी म्हणालो.

"झिला, सगळ्यांच्याच हिरव्ये. हयसून दिसाक शेकड्यांनी जायत. मी चाय करू की फाळके वाचू?"

मग मी तुमचा फोटो दाखवला. त्यानं कपबशी खाली ठेवली. "हां. ह्यो तो धुवणारो. ह्येका सगळे हसायचे. परत उद्या माखाचीच आसा, मगे धुतस कित्याक?" थोडा वेळ फोटो बघत राहिला. "फाळको माका नाय आठवणा. ह्येच्या मागसून जो चालवी तेका विचार. घटका घटका रांगेत रवान पुढच्याचो फाळको तेका तोंडपाठ आसतलो."

"तो खंय गावतलो?"

"खाणी बंद पडल्यो, तसो तो गेलो कर्नाटकात. आता आसा काय नाय, ता पण सांगाक येवचा नाय."

मी चहा प्यालो, आपल्या गावाचं नाव सांगून ठेवलं, आणि परत आलो. त्यालाही आता बरेच महिने झाले. मध्ये दोन-तीनदा वाटलं, आपल्याला हवं ते लिहावं आणि मोकळं व्हावं. आई काही तपासायला जाणार नाही. पण मग तो कुणाचाही डंपर झाला असता. माती मी परत लावलेली नाही. फोनवरचे लोक विचारतात, धुतला का, किती छान होता.  काय सांगणार, की त्या लाल मातीनं मला लहानपणीच एकदा घाबरवून झालंय म्हणून?

हे इथपर्यंत लिहिलं आणि घरासमोरच्या खळ्यात स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मला वाटलं, गॅसवाला. आई कुणाला तरी बसा म्हणतेय, पाणी आणते म्हणतेय, तिचा आवाज वेगळाच लागलाय. आता ती दारातून आत डोकावून म्हणाली, "रे, भायर ये. रेडीच्या रांगेतले इलेत. बाबांच्या मागसून ह्येंची गाडी आसायची म्हणतत." मी खिडकीतून बघितलं. पांढऱ्या केसांचा माणूस ओट्यावर बसलाय, भाचा की मुलगा कोणीतरी घेऊन आलंय त्याला, आणि तो पाणी पितोय. त्याचाही उजवा हात काळा आहे.

बाबा, कागद इथंच ठेवून उठतो. पुढं लिहायचं काही राहणार नाही आणि हे टाकायला पेटीही नाही. फक्त एक. फाळका कोरा आहे असं मी वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. पोरांची नावं लिहितात असं आई बोलली त्याच दिवशी मी त्यावर पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं, माझं नाव लिहिलं. रोज बघतो. तो माणूस आत येईल, गाडी हातात घेईल, फिरवून मागून बघेल. त्याच्या आधी खोडून टाकतो.