बाबागाडी कोणासाठी घेतली

चंद्रपूर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सीताअक्का,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत. तूही बरी असशील. फोनवर तू तेवढंच सांगतेस आणि लगेच फोन रोशनच्या हातात देतेस, म्हणून पत्र लिहिते आहे.

सकाळपासून तुझं एक जुनं वाक्य मनातून जात नाही. "तिले खाली नोका उतरवू बाबा, मी थकली नाई." मी तेव्हा चारेक वर्षांची असेन, म्हणजे तू पंधराची. सोळा ऑक्टोबरला आपण चामोर्शीहून इथं दीक्षाभूमीवर आलो होतो. बाबा म्हणत होते, पोरगी आता चालते, उतरव तिले. त्या दिवसाचं मला दुसरं फारसं काही आठवत नाही. निळे झेंडे आठवतात, तेही तुझ्या खांद्यावरून दिसलेले.

दिव्यानीचा खोकला गेला. वाढदिवस झाला, तुझ्याशिवाय. केक कापताना तिनं अगदी तुझ्या बोलीत विचारलं, "मोठीमाय कुठी गेली?" "माझ्या लेकीची बोली ऐका," म्हणत आदेश हसला. तू आणलेला नवा तांदूळ अजून पुरतो आहे. पोपटीच्या शेंगा मात्र मी फ्रीजमध्ये ठेवून विसरले आणि त्या काळ्या पडल्या. वाईट वाटलं.

उर्वशीची बाबागाडी तिला परत केली. पुसून, घडी घालून दिली. त्या गाडीवरून आपल्या घरात आठवडाभर किती वाद झाला होता! आदेश म्हणायचा, "ही पोरगी घरात एक मिनिट बूड टेकत नाही, अन् तिथं गाडीत बसणार? चार वर्षांची घोडी गाडीत बघून लोक हसतील." शेजारची उर्वशी म्हणायची, "तुम्ही नागपूरकडचं ते पाळण्यांचं पार्क पाहिलं नाही म्हणून बोलता. सकाळी पोरं पळतात आणि दुपारी भर रस्त्यात लोळण घेतात. मग खांदे कोणाचे जातात?" आणि तू लसूण सोलता सोलता म्हणालीस, "लेकरू थकन तं मी हाये नं. चार वर्साच्या पोरीले गाडी लागते का, बाप्पा? तिले पाय देल्ले, मले पाठ देल्ली."

शेवटी मीच ठरवलं की गाडी न्यायची. सगळ्यांना कारणं सांगितली. पार्क मोठं आहे, ऊन लागेल, बाटल्या आणि कपडे गाडीला अडकवता येतील, अक्काचे गुडघे दुखतात. त्यातलं एकही खोटं नव्हतं. दिव्यानी तिथं खरोखरच दमली आणि तासभर गाडीत झोपली. आता मला कोणी विचारलं तर मी सांगेन, एवढ्या लहान मुलाला अशा ठिकाणी गाडी न्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकी विशेष काही नाही. थंडी ओसरली आहे. तब्येतीला जप.

३ फेब्रुवारी

काल वरचं लिहून पाकिटात घालणार होते. पुन्हा वाचलं आणि पाकीट बाजूला ठेवलं. तू हे वाचून "बरं" म्हणशील आणि घडी घालून ठेवशील, असं दिसलं.

गाडी मी दिव्यानीसाठी नेली नाही, अक्का.

तू पिशवीतून आईच्या जुन्या पातळाचा फाडलेला तुकडा काढलास. "यानं पाठीले बांधली का मस्त झोपते लेकरू," असं म्हणून तो माझ्या पलंगावर पसरलास, तेव्हा उर्वशी दारात उभी होती. तू माझी कोण, हे मी तिला सांगितलं नव्हतं, नुसतं 'गावाकडच्या अक्का' म्हटलं होतं. ती फक्त पाहत होती. त्या पाहण्याला मी घाबरले. एवढ्या चकचकीत ठिकाणी पाठीवर पोर बांधलेली तू आणि तुझ्या शेजारी मी, कॉलेजात शिकवणारी, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. त्याच संध्याकाळी मी उर्वशीकडे गाडी मागायला गेले. तुझे गुडघे मला नंतर आठवले.

गेटवर गाडी तुझ्या हातात होती. मी सांगितलं नव्हतं, तू आपणहून घेतलीस, "पाहू तं दे कशी चालते." मनगटावर पट्टे बांधणाऱ्या मुलानं आधी गाडीकडे पाहिलं, मग तुझ्या पातळाकडे, आणि मला विचारलं, "मॅडम, या केअरटेकर का?"

आपल्याबरोबर आलेली उर्वशी माझ्या मागेच उभी होती. मी "हो" म्हणाले.

आदेश दिव्यानीच्या मागे धावत पुढे गेला होता, त्याला काही ऐकू आलं नाही. तू ऐकलंस की नाही ते मला कळलं नाही. तुला तो इंग्रजी शब्द कळला नसेल, असं मी धरून चालले. अक्का, हे धरून चालणं मला त्या "हो"पेक्षाही वाईट वाटतं.

त्या मुलानं तुझ्या हाताला पिवळा पट्टा बांधला आणि आम्हाला निळे बांधले. तू हात वर करून पाहिलास आणि म्हणालीस, "माह्या हाताले पिवळा काऊन? निळा तं आपला रंग हाये. बदलून माग नं, नंदा." तू गमतीनं म्हणत होतीस आणि थोडं खरंही. मी म्हणाले, "वयानं मोठ्या असलेल्यांचा वेगळा असतो, अक्का." तू मान डोलावलीस. तेव्हा बदलता आला असता. गेट दहा पावलांवर होतं.

तुला तिथं एकाच गोष्टीत बसायचं होतं. जाताना जीपमध्ये तू दिव्यानीला सांगत होतीस, "जत्रेत येवढे पाळणे पाह्यले, पन बसली नाई कधी. मी वर गेली तं तुया आईले खाली कोन धरन?" दिव्यानी म्हणाली, "मी धरते आईला, तू बस." आपण सगळे हसलो.

दुपारी ती रडायला लागली, गाडीत बसेना, तुझ्या पाठीवर येते म्हणाली. तू पदर खोचून वाकलीसही. मी म्हणाले, "नाही, गाडी कशाला आणली मग? गाडीतच बस." ती रडत रडत गाडीत झोपली. तू गाडीचं छत ओढून तिच्या तोंडावरचं ऊन अडवलंस.

ती उठल्यावर आपण पाळण्याच्या रांगेत लागलो. पुष्कळ वेळ उभे होतो. तू दर थोड्या वेळानं वर पाहून म्हणायचीस, "कायच्या काय उंच हाये वं!" दाराशी बसलेल्या मुलीनं तुझा हात पाहिला. "मावशी, पिवळा बँड इथं चालत नाही. पोरं सांभाळणाऱ्या बायांसाठी तिकडे बाकं आहेत."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. मी आता काय बोलते ते ऐकायला थांबल्यासारखी.

मागचे लोक "चला, चला" करत होते. आदेश म्हणाला, "अहो, पट्ट्याची काहीतरी चूक झाली, थांबा." मी त्याचा दंड धरला. "राहू दे, अक्काला वर गरगरेल. अक्का, तू बस जरा, आम्ही एक चक्कर मारून येतोच."

"बरं," तू म्हणालीस, आणि गाडी वळवलीस.

वर गेल्यावर दिव्यानी ओरडत होती, "मोठीमाय! मोठीमाय!" खाली बाकावर चार-पाच जणी बसल्या होत्या, प्रत्येकीसमोर एक बाबागाडी. तू त्यांच्यात होतीस. रिकामी गाडी पायानं हलवत होतीस, आत लेकरू असल्यासारखी. त्यांच्यातली तू कोणती, हे ओळखायला मला वेळ लागला. हे मी अजून आदेशलासुद्धा सांगितलेलं नाही.

परतताना वरोऱ्याला आपण चहाला थांबलो. तू बशीत चहा ओतत सगळ्यांसमोर सहज म्हणालीस, "बाकावरच्या बाया इचारत होत्या, या घरी कितीक वर्सं झाले म्हनून."

आदेशनं विचारलं, "मग काय सांगितलंत?"

"म्हनलं, आठ महिन्याची होती तवापासून माह्याचपाशी हाये."

आदेशला वाटलं, तू दिव्यानीवरून गंमत करते आहेस. तो मोठ्यानं हसला. तू फुंकर घालून चहा प्यालीस. आई धानाच्या रोवण्याला जायची, मला सांभाळायला म्हणून तुझी शाळा सुटली, तेव्हा मी आठ महिन्यांची होते. म्हणजे तू गेटवर ऐकलं होतंस. तो शब्दही तुला कळला होता. दिवसभर तू तो पट्टा हाताला घेऊन माझी मुलगी ढकलत होतीस आणि मी कधी बोलते याची वाट पाहत होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "नंदा, कात्री दे वं, हे तुटत नाई." मी कापला. मनगटावर लाल वळ उठला होता. तेव्हाही मला बोलता आलं असतं. मी विचारलं, "चहा टाकू का?" तू म्हणालीस, "नोको, बस पकडतो. धान भराचं हाये." धान डिसेंबरातच भरून झालं, हे तूच आल्या आल्या सांगितलं होतंस.

गाडी परत करायला गेले तेव्हा मी उर्वशीला सांगितलं की ती माझी सख्खी बहीण आहे. दारातच, एका दमात. वाटलं, ती चकित होईल, मला बोलेल. ती म्हणाली, "ते तर मला केव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"अहो, तुम्हा दोघींची हनुवटी एकच आहे. आणि कोणती आया मालकाच्या पोरीला 'दिव्ये, थांब, नाईतं देतो एक' म्हणते?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बहीण तुमची. तुम्हीच गप्प होता, मी काय बोलू?" असं म्हणून तिनं गाडी आत नेली. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलते, पण जरा जपून बोलते. जिच्यासमोर मी तुला बहीण म्हटलं नाही तिला सगळं माहीत होतं, अक्का. ते खोटं कोणासाठीच नव्हतं.

मी इथंच थांबणार होते. पण मध्येच रोशनचा फोन आला. सूरजागडच्या खाणीतल्या ट्रकच्या कामावरून घरी आला होता म्हणाला. "मावशी, आईले पाळन्यात बसवलं म्हने तू! येकसारखी सांगून राह्यली हाये साऱ्या मोहल्ल्यात. वरतून मानसं मुंग्यावानी दिसते म्हने. मले काऊन नाई नेलं?" त्याच्या मागून तुझा आवाज आला, "ठेव नं आता, बिल वाढते." त्याला म्हणायला हवं होतं की तसं झालं नाही. मी म्हणाले, "हो रे, पुढच्या वेळी तुलाही नेऊ."

तू त्याला असं का सांगितलंस? मला वाचवायला, की बाकावर बसवलं हे पोराला कळू नये म्हणून? बहुधा दोन्ही असेल. आणि मी इथं त्या खोट्याच्या आडोशाला आहे, अजूनही तुझ्या पाठीवर बसल्यासारखी.

माफ कर असं लिहिणार होते. पण ते मागणं माझ्यासाठी फार सोपं आहे. तू "जाऊ दे वं" म्हणशील आणि मी मोकळी होईन, तू होणार नाहीस. म्हणून दुसरंच मागते. येत्या रविवारी मी एकटी चामोर्शीला येते. रोशन घरी असेल. तुझ्यासमोर त्याला सांगते, त्या दिवशी पाळण्यात कोण बसलं, बाकावर कोण बसलं आणि कोणामुळे. त्यानं मला मावशी म्हणणं सोडलं तरी चालेल. यात तू झाकलेलं उघडं पडतं हे मला कळतं, म्हणूनच तुला विचारल्याशिवाय निघत नाही.

तू नाहीच म्हणशील. "पोराले हे कायले सांगा लागते?" म्हणशील, आणि तेही फोनवर नाही, रोशनकरवी. तरी विचारते. येऊ का?

तुझी धाकटी बहीण,
नंदा