हागारेची विहीर

४ नोव्हें. ७९, रविवार

बोर्डिंगात गेले होते. जेवणघरातलं बायबलातल्या हागारेचं तैलचित्र उतरवलंय. ते दुरुस्त करायला मुंबईहून सामंत म्हणून गृहस्थ आलेत. म्हणाले, इटलीतलं, बरोक काळातलं, तीनशे वर्षांचं तरी असेल. कुणा मिशनरीने बोटीतून आणलेलं. सगळा काळोख, एका बाजूने उजेड. त्यात हागारेचा खांदा, पाण्याची रिकामी कातडी मसक, झुडपाखाली टाकलेला तिचा लेक इश्माएल. वर देवदूत, त्याचं बोट खाली डाव्या कोपऱ्याकडे.

त्या कोपऱ्यात विहीर.

आठ वर्षांची होते. आई गेली, नवी आई आली, दादांनी सायखेड्याहून आणून मला इथे ठेवलं. बोर्डिंग तेव्हा करुणामावशी सांभाळायच्या. पहिल्याच संध्याकाळी चित्रासमोर उचलून धरलं. "ह्या इश्माएलच्या बापाने, अब्राहामानेसुद्धा लेकराला घराबाहेर काढलं होतं. पण पुढे पाणी होतं की नाही? लाव बोट." लावलं. रडू थांबलं. नव्या प्रत्येक मुलीला असंच. अजूनही.

७ नोव्हें., बुध.

सामंतांनी मुद्दाम बोलावून दाखवलं. कोपऱ्यातला मळ निघाला तर खाली रंगच नाही, नुसतं कापड. "किती वर्षं हात लागलेत इथे? देवळाचा उंबरठा झिजतो तसं झालंय, बाई."

म्हणजे आम्हीच.

"कशी होती ते सांगा, काढून देतो. नाहीतर साधा तपकिरी रंग भरतो. एकोणीसला सकाळी सांगा."

मावशींना कोण सांगणार? काचबिंदूने दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली, पण राहतात बोर्डिंगातच. जाता-येता सामंतांना विचारतात, "माझी विहीर नीट पुसलीत ना?"

११ नोव्हें., रवि.

लीला येवल्याहून आली होती. बोर्डिंगात माझ्या शेजारी झोपायची. म्हणे, दगडी विहीर, पायऱ्यांची. तिची धाकटी बहीणही तिथलीच. ती म्हणते, विहीर कसली, झरा होता. मला तर मोट आणि ती ओतायचं थारोळं आठवतं, आमच्या मळ्यातलं. इटलीच्या चित्रात मोट!

आमचे हे बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, "पाणी सगळ्या प्यालात आणि विहीर एकीलाही सांगता येईना?"

लीला हसली. मला नाही जमलं.

१५ नोव्हें., गुरु.

सांगितलं मावशींना. मग, "मी झिजवली म्हण की."

"आम्ही सगळ्यांनी, मावशी."

"तुम्ही पोरी. लावायला कोण सांगत होतं?"

तुम्हाला कशी दिसायची, विचारलं.

"खरं सांगू? धड कधी दिसलीच नाही गं. मीही इथेच वाढले. आधीच्या बाईंनी माझंही बोट तिथे टेकवलं होतं. काळं काळं होतं. सगळ्या हो म्हणायच्या, मीही म्हटलं."

"आणि मग आम्हाला—"

"रडणाऱ्या पोरीला काय सांगायचं असतं? तू सांग."

उठून आले. पाया पडले नाही. आठ वर्षांच्या पोरीशी खोटं बोलल्या. पण त्या रात्री मी झोपले होते. घर सुटल्यावर पहिल्यांदा.

१८ नोव्हें., रवि.

राहवलं नाही, गेले. चित्र टेबलावर आडवं. मावशी म्हणाल्या, मला तिथे ने. सामंत म्हणाले, "मी चहा घेऊन येतो," आणि मुद्दामच बाहेर गेले.

मावशींचा हात धरून कोपऱ्यावर ठेवला. बोट फिरवत राहिल्या. "खरखरीत लागतंय." मग हात काढून पदराला पुसला.

"मंगळवारी पेठकडची एक मुलगी यायचीय. नऊ वर्षांची. आई नाही. तिला चित्रासमोर तू ने."

"मी काय सांगू तिला?"

"ते तुझं तू बघ. माझ्याच्याने आता व्हायचं नाही."

सामंतांना उद्या सकाळी सांगायचंय. मुलीला मंगळवारी.