बोलण्याची तालीम

आयोवा, अमेरिका
१७ जून १९५६

ती. दादांस, सोपानचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. आई आणि वहिनी खुशाल आहेत हे वाचून बरे वाटले. माझा मुक्काम अजून हान्सेन नावाच्या शेतकऱ्याकडे आहे. शेतकरी तरुणांच्या अदलाबदलीच्या योजनेत दर दीड-दोन महिन्यांनी घर बदलायचे असते, तेव्हा पुढच्या पत्रात पत्ता निराळा असेल. इथल्या मक्याचा पसारा पाहून आपल्या कन्हेरीच्या उसाने मान खाली घालावी. एवढ्या रानात गडीमाणूस एकही नाही. नवरा, बायको आणि ट्रॅक्टर. पहाटे गाईंच्या धारा काढायला मीही असतो.

गेल्या आठवड्यात एक अजब प्रकार पाहिला. हान्सेनने मला गावातल्या भाषणाच्या क्लबात नेले. दुकानदार, गवंडी, विम्याचा एजंट, दातांचा डॉक्टर अशी माणसे हॉटेलाच्या मागच्या खोलीत एकत्र जेवतात आणि जेवण झाले की पाळीपाळीने उभी राहून भाषण करतात. निवडणूक नाही, कुणाकडे काही मागायचे नाही, नुसते बोलायला शिकायचे. आपल्या कुस्तीच्या तालमीसारखी ही बोलण्याची तालीम. एकजण घड्याळ घेऊन बसतो आणि वेळ संपत आली की तांबडा दिवा लावतो. दुसरा, बोलणारा किती वेळा 'अं' म्हणाला ते मोजतो. शेवटी तिसरा उठून सगळ्यांच्या चुका सांगतो, आणि ज्याच्या चुका काढल्या तोच हसून आभार मानतो. आपल्याकडे असे केले तर दुसऱ्या दिवशी बांधावर भांडण.

मग त्यांनी मलाच उभे केले. मी माझे नाव सांगितले, गावाचे नाव सांगितले आणि पुढे जीभ उचलेना. दादा, सभेत बोलायचे तुम्ही आणि सतरंज्या अंथरायच्या मी, अशी आपली वाटणी. ती इथे कशी चालावी? हान्सेन म्हणतो, पुढच्या गावांतही असे क्लब आहेत आणि परक्या पाहुण्याला ते सोडत नाहीत. तेव्हा एक भाषण लिहून धाडा. त्याचे इंग्रजी मी करीन.

तुमचा घसा अजून बसलेलाच आहे असे वहिनीने शेवटी दोन ओळींत लिहिले आहे. शिमग्यात बसलेला घसा अजून सुटत नाही, हे काही बरे लक्षण नाही. डॉक्टरला दाखवा.

आईच्या पायांवर डोके ठेवतो. लांब आहे म्हणून माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा
सोपान

---

कन्हेरी, ता. बारामती
८ जुलै १९५६

चि. सोपानास, भीमाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पारावर मीच वाचणार होतो, पण आवाज दगा देतोय म्हणून शेजारच्या गेणूच्या हातात दिलं. गवंडी जेवून भाषण करतो हे ऐकून माणसं पोट धरून हसली. ठमाबाईनं विचारलं, मग भिंती कोण बांधतं? 'अं' मोजणारा तो माणूस मात्र मला आपल्या तालुक्याच्या सभेला पाहिजे. एका भाषणात त्याची बोटं संपतील आणि बिचारा पायातल्या वहाणा काढून बसेल.

भाषण सोबत जोडलंय. मोठं काही लिहिलेलं नाही. आपली संस्कृती, आपला देश असलं सांगायला जाऊ नकोस, तिथं तू अडशील. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की आपण वांग्याच्या वाफ्यात पाणी कसं फिरवतो, एक वाफा भरला की दारं मोडून पुढच्या वाफ्याला पाणी कसं देतो, आपलं झाल्यावर शेजाऱ्याला हाक कशी मारतो, तेवढंच सांग. आपल्या रानाबद्दल बोलताना माणसाची जीभ अडत नाही. आणि ज्या ज्या गावात जाशील तिथल्या क्लबात जा. कोण काय बोललं, कसं बोललं, सगळं मला लिही. मला ते मिठाईसारखं लागतं.

इकडं आमचा भाजी-फळवाल्यांचा संघ आकाराला येतोय. सगळ्यांचा माल एका ट्रकमधून पुण्याला गेला तर मंडईतले दलाल आपल्याला एकेकट्याला गाठू शकणार नाहीत. पण पणदऱ्याची माणसं कन्हेरीवर विश्वास ठेवत नाहीत आणि कन्हेरीची पणदऱ्यावर. दिवाळीनंतर बारामतीला मोठी सभा घ्यायची ठरलीय. तिथं मला मन लावून बोलावं लागणार.

घशाची काळजी नको. ज्येष्ठमध चघळतोय, कौसल्या हळद-दूध पाजतेय. बसलाय तसा उठेल.

आई तुझी वाट बघते. पोटाला नीट खात जा आणि या थोरल्या भावाला चार ओळी खरडत जा.

भीमा

---

कन्हेरी
१४ ऑगस्ट १९५६

चि. सोपानभावजींना कौसल्याचा आशीर्वाद.

ह्ये पत्र मी यांना न सांगता लिवतीय. चौथीपतूर शिकले, तवा चुकलंमाकलं समजून घ्या. आत्याबाई बऱ्या हायेत. म्हस व्याली, रेडी झाली.

यांचा घसा काय सुटंना. बारामतीच्या डाक्टरनं पुण्याला धाडलं. माझा भाऊ सर्जेराव निरवांगीहून आला आन् आमाला घिऊन गेला. पुण्याच्या डाक्टरनं घशात आरसा घालून बघितलं. आवाजाच्या पेटीत गाठ हाय म्हणाला, वाईट गाठ हाय. सगळी पेटी काढायची, मानंला भोक ठिवायचं, त्यातनं श्वास घ्यायचा. जीव वाचंल, पर आवाज पुना कवाच येणार न्हाय. आन् उशीर करू नका म्हणून त्यानं दोनदा बजावलं.

यांनी समदं ऐकून घेतलं. भाईर आल्यावर सर्जेरावाला म्हणाले की दिवाळीची सभा झाल्याबिगर मी काय कापून घेणार न्हाय. सर्जेरावानं लई समजावलं. मी पाया पडले. तर मलाच हसून म्हणाले, तुला तर मी गप बसलेलाच बरा, मग रडतीस कशाला.

भावजी, तुमचं पत्र आलं की ह्ये दिसभर खुशीत असत्यात. तुमचं ऐकतील. तुमी कायतरी लिवा. आत्याबाईंस्नी यातलं कायबी सांगितलेलं न्हाय.

परक्या मुलखात जपून ऱ्हावा. वैनीचा जीव तुमच्याकडं लागलाय.

कौसल्या

---

ओहायो, अमेरिका
९ सप्टेंबर १९५६

ती. दादांस, सोपानचा सा. न. वि. वि.

वहिनीने मला सगळे कळवले आहे. तिच्यावर रागावू नका, रागवायचे तर माझ्यावर रागवा. सभा पुढे ढकलता येते, दादा. गाठ ढकलता येत नाही.

मी काय पाहून आलो ते नीट वाचा. तुमचे पाण्याच्या पाळीचे भाषण मी आतापर्यंत तीन गावांतल्या क्लबांत केले. न अडता केले. तिसऱ्या गावात एका म्हाताऱ्याने, भाषण लिहिणारा भाऊ कसा आहे, असे विचारले आणि मला राहवले नाही, मी त्याला तुमचे दुखणे सांगितले. त्याने मला त्याच आठवड्यात मोटारीने शहरात नेले. तिथे आणखी एक क्लब आहे. त्यातल्या सगळ्यांची आवाजाची पेटी काढलेली आहे. सगळ्यांच्या मानेला भोक, त्यावर रुमाल. आणि ही माणसे भाषणे करतात, दादा! हवा गिळायची, ती पोटात जाऊ न देता ढेकरासारखी वर आणायची आणि तिचेच शब्द करायचे. आवाज रांजणातून आल्यासारखा येतो, पण शब्द कळतो. रेल्वेतला एक जुना गार्ड उभा राहिला आणि मासे धरण्यावर बोलला. लोक हसले, त्यानेही खांदे हलवून हसून घेतले. त्यांना शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांच्याकडून सगळा सराव मी सोबतच्या कागदावर उतरून घेतला आहे.

खोटे लिहिणार नाही. कोपऱ्यात एकजण पाटी घेऊन बसला होता. दोन वर्षे झाली तरी त्याला जमलेले नाही. पण तुमच्यासारख्या माणसाला जमणार नाही असे मला वाटत नाही.

पत्र मिळताच पुण्याला जा. तुम्ही नुसते असलात तरी मला पुरे आहे. आजवर तुमचे सगळे ऐकले, एवढे एक माझे ऐका.

तुमचा
सोपान

---

कन्हेरी
२८ सप्टेंबर १९५६

चि. सोपानास अ. आ.

तुझं पत्र चारदा वाचलं. त्या रेल्वेच्या गार्डाला माझा रामराम सांग. खरा मर्द गडी.

पण सोपान, तो खोलीत बोलतो आणि ऐकणारे सगळे त्याच्यासारखेच, कान देऊन बसलेले. बारामतीच्या मैदानावर पणदऱ्याचा माणूस तोंड फिरवून बसलेला असतो, त्याचं तोंड माझ्याकडं वळवायचं असतं. तिथं ढेकराचे शब्द पोचणार नाहीत. दोन वर्षं मी घरोघर फिरलो ते या एका सभेसाठी. आवाज जाणारच आहे, तर तो असा वापरून जाऊ दे. सभा झाली की दुसऱ्या दिवशी पुणं. आईची आण घेऊन लिहितो.

मला आवाज काढून टाकायचं भय वाटतं हेही खरं. दुसऱ्या कुणाला हे सांगितलेलं नाही. आवाज नसलेला भीमा गावात कसा वावरंल ते मला डोळ्यांपुढं आणता येत नाही. सकाळी उठल्यावर मी आधी बोलून बघतो, आहे का म्हणून.

तुझा कागद जपून ठेवलाय. तू क्लबात जायचं सोडू नकोस. थोरल्याचा हट्ट पोटात घाल.

भीमा

---

कन्हेरी
१६ डिसेंबर १९५६

चि. सोपानभावजींना आशीर्वाद.

तुमी बोटीवर चढला आसाल. सुएझचा कालवा बंद हाय म्हणून बोट समद्या आफ्रिकेला येढा घालून येणार, तवा मोंबासाच्या पत्त्यावर लिवतीय.

सभा झाली. मैदान भरलं हुतं, पणदऱ्याचीबी लई माणसं आली हुती. ह्ये उभं ऱ्हायले, हात जोडले आन् बोलाया लागले, तर कर्ण्यातनं नुसती खरखर. शब्दच उमटंना. म्होरल्या लोकांनी माना पुढं करून ऐकलं. मागनं कुणीतरी वरडलं, मोठ्यानं बोला. यांनी मानंच्या शिरा फुगूस्तवर जोर लावला. मग एकेक जण उठाया लागला. कुणी वाईट बोललं न्हाय, भावजी. कुणाला यष्टी गाठायची, कुणाला धारा काढायच्या. आर्धं मैदान मोकळं झालं तरी ह्ये बोलतच हुते. संघाचं पुढं बघू म्हणून ठरलं. म्हंजी न्हायच.

दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. डाक्टरनं पेटी काढली. मग सर्जेरावाला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की श्रावणात आला आसता तर येगळं हुतं. आता मानंच्या गाठींत पसरलंय, काढता आलं तेवढं काढलं.

ह्यांना ठावं हाय का न्हाय, मी इचारलं न्हाय. आत्याबाईंस्नी सांगितलंय, डाक्टरनं बोलायची बंदी केलीय. त्या ह्यांना रागावत्यात, आईसंगंबी बोलत न्हाईस व्हय रं म्हणून. ह्ये हात जोडत्यात.

लवकर या. समद्यांच्या वाटचा जीव तुमच्यात हाय.

कौसल्या

---

कन्हेरी
२८ डिसेंबर १९५६

चि. सोपानास अ. आ.

आता तोंडानं बोलणं संपलं, म्हणून हाताला काम लागलंय. तुमचा कालवा बंद झाला म्हणे. आमच्याही कालव्याचं पाणी पंधरवडाभर बंदच आहे, तेव्हा भाऊ भाऊ सारखेच.

बैलांची मजा सांगतो. मी नुसतं हो म्हटलं की थांबायचे. आता कासरा ओढला तर मान वळवून बघतात, याला झालं काय म्हणून. तुझ्या कागदाप्रमाणं रोज ओढ्याकडं जाऊन हवा गिळतो. ढेकर येतो, शब्द येत नाही. परवा 'पाणी'मधला 'पा' आला. कौसल्या होती, ती रडायला लागली. मला हसू आलं, पण हसण्याला आवाज नाही हे तेव्हा कळलं.

तू येईपर्यंत अख्खा शब्द काढून दाखवीन. संघाचं वाचलं असशीलच. त्याबद्दल काही लिहू नकोस.

सुखरूप ये. दाराकडं डोळे लावून बसलोय.

भीमा

---

मोंबासा बंदर
१४ जानेवारी १९५७

ती. दादांस सा. न. वि. वि.

तुमची दोघांचीही पत्रे इथे मिळाली. 'पा' आला! बोटीवर ज्याला त्याला सांगत सुटलो. तो रेल्वेचा गार्ड पहिला शब्द बोलला तेव्हा त्याचीही सुरुवात एका अक्षरानेच झाली होती.

निघण्याआधी न्यूयॉर्कच्या एका क्लबात शेवटचे भाषण केले. तुमच्यावर केले. माणसे उभी राहून टाळ्या वाजवीत होती. मला मात्र कधी एकदा बोट सुटते असे झाले होते. आल्यावर रोज सकाळी आपण दोघे सरावाला बसू. कंटाळलात तरी सोडणार नाही. वर्षाच्या आत तुम्हाला बोलते करीन.

आईला नमस्कार. मी येईतो सगळे सांभाळून असा.

तुमचा
सोपान

---

कन्हेरी
१७ मार्च १९५७

श्री. सर्जेराव पाहुणे यांस, सोपानचा सा. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी मिळाली. दिवसकार्याच्या धांदलीत आपले नीट बोलणे झाले नाही, म्हणून लिहितो.

मी आलो तेव्हा दादा उठून दारापर्यंत आले होते. अंगाची नुसती काडी झाली होती. दुसऱ्याच दिवसापासून मी त्यांना सरावाला बसवले. ते हवा गिळत, घामाघूम होत, मानेच्या भोकातून शिट्टीसारखा श्वास येई. माझ्यासमोर 'पा' एकदाही आला नाही. मी थांबलो नाही. तिकडच्या कोणाला किती महिने लागले, कोण कसा बोलता झाला, हे रोज सांगत राहिलो. सर्जेराव, मी फार बोलायला शिकून आलो होतो.

एका सकाळी असाच बोलत असताना दादांनी हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. रागाने नाही. लहान मुलाला गप करताना ठेवतात तसा. बराच वेळ तो हात तिथेच होता.

नंतर वहिनीने चुलीपुढे बसून मला सांगितले. पौषापासून त्यांना पेजही गिळवत नव्हती. त्यांना सगळे ठाऊक होते, पुण्यालाच डॉक्टरच्या तोंडावरून ओळखले होते. तरी माझा सरावाचा कागद घेऊन रोज ओढ्याकडे जायचे. वहिनीने हात धरला तर पाटीवर लिहायचे, सोपानने एवढे लिहिले आहे, त्याला काय सांगू. मी धीर म्हणून जे धाडत होतो ते त्या माणसाने शेवटपर्यंत कामासारखे केले.

त्यानंतर मी काही बोललो नाही. पाय चेपत बसायचो. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, मी वांग्यांना पाणी धरले होते, तेव्हा वहिनीने बांधावरून हाक मारली.

बारामतीच्या शोकसभेत मी बोलावे आणि संघाचे काम पुन्हा उभे करावे, असे तुम्ही लिहिता. पणदऱ्याच्या लोकांचा निरोप आला आहे, भीमा नाही तर आम्हीही नाही. दादा होते तेव्हा ते उठून गेले, पण आता ते काढण्यात काय अर्थ? मी सभेला येईन. मला बोलायला उभे करू नका. कुणी आग्रह केला तर मी तिथून निघून जाईन, आणि ते बरे दिसणार नाही.

वहिनी थोडे दिवस निरवांगीला येऊ म्हणते. गाडी धाडा. इथे आई आणि मी राहू. ती काही विचारते, मी हो किंवा नाही म्हणतो. तेवढ्यावर घर चालते.

वहिनीला जपा. आमच्या घरावरचा तुमचा लोभ कमी होऊ देऊ नका, एवढे मागणे.

आपला
सोपान