चढ कमी करून इन्व्हर्टरची बॅटरी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. पंचायत विकास अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मन्नाएखेळ्ळी, जि. बीदर

अर्जदार: उद्धवराव माणिकराव बिरादार, सेवानिवृत्त, रा. तळ्याची वस्ती

विषय: तळ्याच्या वस्तीहून बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवरील चढ खोदून कमी करणेबाबत, जेणेकरून अर्जदाराच्या घरची बॅटरी घरी येईल.

संदर्भ: आपल्या दालनातील तोंडी बोलणे व त्यावर आपण "लिहून द्या" असे सांगितल्यावरून.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास कन्नड बोलता येते, परंतु लिहिताना हात मराठीकडेच वळतो. तरी अर्ज मराठीत स्वीकारावा. अर्जदाराच्या पत्नी सौ. सुशीलाबाई यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांचे बाहेर जाणे बंद झाले होते. त्या ओसरीवर बसून वाटेने येणाऱ्या प्रत्येकास थांबवीत व बाजारात वांगी कशी लावली ते विचारीत. हे पाहून हैदराबादेत नोकरीस असलेले चिरंजीव धनराज यांनी एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधील विजेवर चालणारी जुनी गोल्फची गाडी स्वस्तात घेऊन टेम्पोतून आणून दिली. सदर गाडीस छप्पर आहे, आवाज नाही, व मागे तोंड करून बसण्यासाठी एक बाकडे आहे.

सुशीलाबाई आठवडाभरात गाडी चालवू लागल्या. शेजारच्या सुभद्राबाई व दानम्मा या दोघींचेही गुडघे धड नसल्याने त्याही बसू लागल्या. तिघी हायवेला न शिवता कच्च्या वाटेने बाजारास जात. अडचण एकच होती. गाडी छत्तीस व्होल्टची, म्हणजे बारा-बाराच्या तीन बॅटऱ्यांची. रिसॉर्टची हिरवळ सपाट असते, आपली वाट तशी नाही. तळ्यापुढच्या चढावर गाडी थबके आणि तिघींना उतरून ढकलावी लागे. गुडघ्यांसाठी आणलेली गाडी अशा रीतीने गुडघ्यांच्याच जोरावर वर जात असे.

बॅटरीवाले बसवप्रभु अण्णा यांनी गाडी तपासून सांगितले की, मोटार व कंट्रोलर अठ्ठेचाळीस व्होल्ट सोसतील. नव्या लिथियम बॅटऱ्यांची किंमत ऐकून सुशीलाबाईंनी चहा ठेवला व विषय बदलला. तेव्हा अण्णांनी स्वस्तातला मार्ग काढला. आहेत त्या तिन्हींच्या ओळीत त्याच जातीची चौथी जोडायची व चार्जर जुन्या बाजारातून बदलून आणायचा. तशी चौथी बॅटरी कोठे मिळेल, हा प्रश्न उरला. त्या दिवशी अर्जदार औरादला लग्नास गेले होते. परत आल्यावर घरातील इन्व्हर्टरच्या खाली धुळीचा एक चौकोन तेवढा शिल्लक होता.

तेव्हापासून वीज गेली की अर्जदार अंधारात बसतात. पंखा थांबतो, क्रिकेटचा सामना नेमका रंगात आला असता बंद पडतो, डास मात्र चालू राहतात. अर्जदाराने चिरंजीवांस फोन केला. ते आईच्या बाजूने बोलले. अण्णांकडे गेले असता त्यांनी काम किती पक्के झाले आहे तेच दाखविले. घरी विषय काढला असता सुशीलाबाई म्हणाल्या, "कामून चिडायलाव? अंधारात बसून काय करायलाव? चला की बाजारला." अर्जदार गेले नाहीत. गाडी आता चढावरून अशी जाते की मागच्या बाकड्यावरच्या दानम्मा खांब धरून हसत असतात, आणि पाठलाग करणाऱ्या कुत्र्याने नाद सोडला आहे, हे अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करतात. तथापि चढच नसेल तर छत्तीस व्होल्ट पुरेल व बॅटरी मोकळी होईल, असा अर्जदाराचा हिशेब आहे. करिता चढ खोदून काढावा, ही विनंती.

येथवरचा मजकूर घरी लिहिला. पुढचा अर्जदाराने आपल्या कार्यालयाच्या पायरीवर बसून लिहिला आहे, तो यासोबतच वाचावा.

अर्ज आणण्यास आज दुसरे वाहन नव्हते. तिघींसोबत अर्जदारही गाडीत बसले. चढाच्या मध्यावर गाडी थांबली. तिघींनी अर्जदाराकडे पाहिले. मग सुशीलाबाई म्हणाल्या, "तुमी उतरा. बॅटरी तुमची हाय, पण वजनबी तुमचंच जास्त हाय."

अर्जदार उतरले. गाडी लगेच वर गेली. अर्जदार रागाने चालू लागले, मग राग पुरेना म्हणून नुसतेच चालू लागले. ती गाडी परस्पर बाजारात गेली असेल, असे त्यांनी धरले होते. माथ्यावर पोहोचले तर गाडी कडुलिंबाखाली थांबलेली. सुशीलाबाई खाली उतरून वाटेच्या कडेला उभ्या होत्या, कशाचाही आधार न घेता, डोळ्यांवर हात धरून खाली बघत. अर्जदार दिसताच त्यांनी हात खाली केला व जणू काही झालेच नाही अशा गाडीत जाऊन बसल्या. गुडघे गेल्यापासून त्या कोणाची वाट पाहत अशा उभ्या राहिल्याचे अर्जदारास आठवत नाही.

सबब, चढ आहे तसाच ठेवावा. बॅटरीवरील हक्क अर्जदार सोडत आहेत. त्याऐवजी माथ्यावरच्या कडुलिंबाखाली सिमेंटचा एक बाक बसवून मिळावा. बाजारच्या दिवशी अर्जदार चढ पायी चढणार आहेत, आणि तोवर सुशीलाबाईंना उभे राहावे लागू नये.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र,
(सही)
उद्धवराव माणिकराव बिरादार
दिनांक: २२/०४/२०२५