भूखंड सातवरची बाई

९ जानेवारी

परदेशी पाहुण्यांना भूखंड सात दाखवला. सपाट, मोकळा, हमरस्त्याला लागून — आमच्या गुंतवणूक कार्यालयाचा लाडका! सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात त्यांच्या प्रमुखानं विचारलं, ‘ती अंगण झाडणारी बाई कोण? तिला कुठे हलवणार तुम्ही?’

मी वळून पाहिलं. माती. नुसती माती! ड्रायव्हर आपल्या बुटांकडे बघत राहिला.

‘माणसं उठवून आम्ही कारखाना काढत नाही,’ म्हणाले. गेले निघून.

१० जानेवारी

साहेब खवळले. ‘गाव हलवून तीन वर्षं झाली! कागदावर रिकामा म्हणजे रिकामा!’

२ फेब्रुवारी

आज दुसरी कंपनी. दुसरा देश, भाषा वेगळी, दुभाष्याही वेगळा. प्रश्न तोच. धीर करून विचारलं — कशी आहे ती?

‘वयस्कर. तुमच्याकडेच तर बघतेय.’

घरी आईला सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘अंगण झाडतेय ना? मग घर आहे तिचं.’

६ फेब्रुवारी

भर दुपारी एकटीच गेले. कुणी नाही. पण एका कोपऱ्यात, खोलीएवढ्या जागेत, ना खडा ना काडी. मातीवर खराट्याच्या ताज्या रेघा. मी चपला काढल्या. का, देव जाणे! पुढे मात्र पाऊल टाकवेना.

१४ फेब्रुवारी

दुसरी कंपनी तयार! चारशे जणांना काम मिळणार. घरी बसलेल्या माझ्या भावालाही, कदाचित. अट एकच — बाईला हात लावायचा नाही. तेवढा कोपरा सोडायचा आणि तिला नळ द्यायचा.

साहेबांना हसू आवरेना. ‘नसलेल्या बाईला नळ! देऊन टाका हो, आपल्या बापाचं काय जातंय?’

मला हसू आलं नाही. नळाच्या अर्जात ‘बाई जागेवर राहते’ या ओळीखाली सही माझी आहे.

२८ फेब्रुवारी

नळ बसला. प्लंबर म्हणाला, ‘कुणासाठी हो, इथं?’ मी त्याच्या बिलावर सही केली.

३ एप्रिल

पाण्याचे मीटर बघणारा माणूस टेबलाशी आला. ‘मॅडम, सात नंबरच्या बाई पाणी फार जपून वापरतात. एकट्याच असतात ना?’

हो म्हटलं.