हाताला कळतं

४ फेब्रुवारी

बकेट पुन्हा खाली! काल संध्याकाळी शेड बंद करताना मी स्वतः पाहिलं होतं — ठेंगू उभा, त्याची माती उचलायची पुढची बकेट माझ्या डोक्याच्याही वर. आज सकाळी कुलूप काढते तर बकेट जमिनीला टेकायला आलेली. मध्ये आमची कुंड्यांची ढकलगाडी सापडली. तिचा दांडा वाकून पार कामातून गेला.

दांडा लोखंडी आहे. माणसाची मान लोखंडाची नसते! हे यांना सांगितलं तर हसले. "ठेंगूला झोप आली असेल," म्हणे.

ठेंगू म्हणजे आमचा छोटा ट्रॅक्टर. गुलाबांच्या वाफ्यांमधून मोठा जात नाही म्हणून घेतला. आला तेव्हा मीच त्याला हार घालायची बाकी होते. आता शेडमध्ये पाऊल टाकताना आधी वर बघते.

५ फेब्रुवारी

आज हे बकेटीखाली बसून टायरमध्ये अडकलेला दगड काढत होते. बकेट वर! मी लांबूनच किंचाळले. "अगं, इंजिन बंद आहे," म्हणाले. रात्रीही बंदच होतं ना? मग आली कशी खाली? यावर काय, तर "भित्री भागूबाई," एवढंच.

असू दे. भित्री तर भित्री.

७ फेब्रुवारी

डिपस्टिक काढून पाहिली. हायड्रॉलिकचं तेल, ज्याच्या दाबावर बकेट उचलली जाते ते, कमी झालंय. आणि शेडच्या फरशीवर एक थेंब नाही! गुडघ्यांवर बसून टॉर्च मारून पाहिलं. जातंय कुठे मग? सांडलेलं दिसलं असतं तर इतकी भीती वाटली नसती.

मेकॅनिकला फोन केला. "हंगाम आहे वहिनी, मान वर करायला सवड नाही. पुढच्या आठवड्यात येतो. तोवर बकेट खालीच टेकवून ठेवा. गळती बघायचीच असेल तर तेलाच्या नळीजवळ पुठ्ठा धरा, त्यावर डाग पडेल. हात लावू नका. ऐकताय ना? हात नाही लावायचा." का, ते नाही सांगितलं. मागे कोणीतरी त्याला हाका मारत होतं.

यांना जसंच्या तसं सांगितलं. "पुठ्ठा कशाला? हाताला कळतं!"

हे यांचं ठरलेलं वाक्य. कलमाच्या खुंटाची साल सुटायला आली की नाही — हाताला कळतं. माती किती ओली — हाताला कळतं. खोटं नाही म्हणत मी. कलम करताना गुलाबाचा डोळा भरावा तर यांनीच. सालीत छोटी चीर, तिच्यात तो तांदळाएवढा डोळा, अंगठा आणि शेजारचं बोट असं काही फिरतं की बघत राहावं. मी भरलेले डोळे निम्मे काळे पडतात. यांचा एखादाच. गिऱ्हाईक आमच्या रोपवाटिकेत येतं ते त्या दोन बोटांसाठी येतं, हे काय मला माहीत नाही?

पण नळीला साल नसते. तेही म्हणाले मी. ऐकतील तर शपथ.

९ फेब्रुवारी

गळती सापडली!! किती बरं वाटतंय.

दुपारी यांनी ठेंगू बाहेर काढला, नळीत दाब यावा म्हणून बकेट मातीने भरून वर उचलली. मी म्हटलं, थांबा, पुठ्ठा आणते. चपलांच्या खोक्याचं झाकण घेऊन आले तोवर हे नळीपाशी उभे, बोट तोंडात.

"काय झालं?"

"काही नाही. काटा टोचला."

काटे आम्हाला रोजचेच. शर्टाच्या बाहीत एखादा अडकलेला असतो, मी कपडे धुताना रडकुंडीला येते. बघितलं तर अंगठ्याशेजारच्या बोटावर बारीकसा ठिपका, रक्तसुद्धा नाही.

झाकण नळीजवळ धरलं तर त्यावर तेलाची रेघ उमटली. डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं! इतका बारीक फवारा. हे खूश. "बघ! मी हात फिरवला तेव्हाच मला कळलं होतं, इथेच आहे."

बकेट खाली टेकवली, इंजिन बंद, लिव्हर पुढे-मागे करून दाब सोडला. मेकॅनिकला सांगून टाकलं, नळी घेऊनच या. आज निवांत झोपणार मी.

१० फेब्रुवारी

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. यांचा टॉवेल विसरले, चष्मा विसरले, आणि ही वही तेवढी पिशवीत आली. काय म्हणावं मला!

सकाळी यांनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला. मी बोट पाहिलं. टम्म फुगलेलं, पांढरट, दाबलं तर लाकडासारखं. "काटा आत राहिलाय," म्हणाले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. जे सांगितलं त्यावरच औषध देणार ना माणूस?

मग वन्संचा फोन. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, इथे मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स. फोन कशासाठी, तर त्यांच्या कुंडीतल्या गुलाबावर मावा पडलाय! मी मावा सांगता सांगता ठेंगूची गळती सांगितली, यांनी हात कसा फिरवला ते हसत हसत सांगितलं, आणि काटा टोचला तेही.

वन्संनी मला मध्येच तोडलं.

"कुठे टोचला? नळीवर हात असताना?"

काटा नव्हता. काटा नव्हताच तो!

"अगं, ते तेल सुईसारखं आत घुसतं. बोटातून तळहातात जातं. वरून काही दिसत नाही, आत सगळं सडवतं. त्याला आत्ताच्या आत्ता घेऊन ये. आणि उपाशी आण."

उपाशी! नुकताच भाकरतुकडा पोटात गेला होता यांच्या. मीच वाढला होता, खा म्हणून मागे लागून.

रिक्षात हे म्हणत होते, "ताई उगाच बाऊ करते. लहानपणापासून तशीच." पण उजवा हात छातीशी धरला होता आणि कपाळावर घाम. दोन्ही गोष्टी मी बघत होते.

आत नेलंय. दार बंद झालं. देवा, माझं पुढचं आयुष्य भित्री म्हणवून घेईन, पण हात राहू दे.

११ फेब्रुवारी

बोटापासून तळहातापर्यंत उघडलं. धुतलं. अजून शिवलेलं नाही, उद्या परत बघणार. डॉक्टर म्हणाले, "टोचलं त्याच दिवशी यायला हवं होतं." त्या रात्री मी निवांत झोपले होते.

हे जागे झाले तेव्हा पहिला प्रश्न, "हंगामात डोळे कोण भरणार?" मी म्हटलं, बघू. वन्संनी सलाइनकडे पाहिलं.

१२ फेब्रुवारी

पुन्हा धुतलं. बोटाचं टोक काळं पडतंय. मी भरलेल्या डोळ्यांसारखं. नको ते सुचतं मला.

१४ फेब्रुवारी

एक पेर काढलं.

हात वाचला. डॉक्टर दोनदा म्हणाले, हात वाचला. वन्संनी मला बाहेर नेलं आणि मग त्याच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांची समजूत काढली.

१५ फेब्रुवारी

हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. पट्टीकडे बघतसुद्धा नाहीत. रागावले असते तरी चाललं असतं. मला एकदा भित्री म्हणा ना हो!

२४ फेब्रुवारी

घरी. मेकॅनिक नवी नळी घेऊन आला. हंगाम-बिंगाम विसरून आला बिचारा, यांच्याकडे बघेना. नळी बसवली, नवं तेल भरलं. "बकेट खाली येत होती ती मात्र यामुळेच असेल असं नाही हं वहिनी. बकेट उचलतो त्या सिलिंडरचं सीलही गेलेलं असू शकतं. दोन-चार दिवस बघा."

म्हणजे अजून आहेच!

हे खिडकीतून बघत होते. बाहेर आले नाहीत.

२७ फेब्रुवारी

आज पाठ वळवली तर हे वाफ्यात. खुंटाची साल चाचपत होते, त्या उरलेल्या बोटाने. मग अंगठ्याने. मग खाली बसले. मी कुंड्यांच्या मागे उभी. पुढे जावं की नाही कळेना. शेवटी गेलेच नाही, घरात येऊन उगाच भांडी आपटली.

आता एकच भीती. हा माणूस ठेंगूपाशी परत गेला तर काय करेल? हात लावल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही. एक हात अजून शाबूत आहे ना!

शेडची किल्ली मी पिठाच्या डब्यात ठेवलीय.

२ मार्च

किल्ली यांना सापडली. बकेट परत खाली आलेली, तेही यांनीच पाहिलं. मी पोचले तर ठेंगू चालू, बकेट भरलेली, वर, आणि हे सिलिंडरपाशी — डावा हात पुढे! मी धावत जाऊन इंजिन बंद केलं, तोंडाला येईल ते बोलले. हात तसाच पुढे. माझ्याकडे.

"अगं, ओरडतेस काय? पुठ्ठा दे."