बाबांचा हात

प्रिय ठकू,

फोन असताना दादा पत्र कशाला लिहीत बसला, असं तुला वाटेल. फोनवर मला हे जमणार नाही. तू मधेच "असू दे रे" म्हणशील आणि मी लगेच असू देईन. मी स्वतःला ओळखून आहे.

बाबांना जाऊन आज छत्तीस दिवस झाले. दुकान गेल्या सोमवारी उघडलं. पहिला आला तो शाळेचा शिपाई, खिडकीच्या दोन काचांची मापं घेऊन. काच टेबलावर आडवी केली, पट्टी धरली, काच कापायची हिरकणी टेकवली, आणि मागून "हं" येईल म्हणून हात थांबला. त्यांचे हं आठवतात ना तुला? एक म्हणजे चालेल. एक म्हणजे गाढवा. आणि तिसरा, शेवटी जरा वर जाणारा, तुझ्या काचेची कड बोटानं चाचपून झाली की यायचा. मी एकतीस वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहून काच कापली. तिसरा हं माझ्या वाट्याला कधी आला नाही.

वाईट याचं वाटतं, की मीही तसाच झालोय. परवा धाकटीनं चित्र काढून दाखवलं. चांगलं होतं गं, मला खरंच आवडलं होतं. तोंडातून निघालं फक्त "हं". ती चित्र घेऊन आत निघून गेली. तुझी वहिनी म्हणाली, "झालं, आता तुम्ही सुरू झालात." मी उठून पोरीकडे जायला हवं होतं. पाय उचलला नाही.

त्या आरशाबद्दल मी तुला चौदा वर्षं काही बोललो नाही. न्हाव्याच्या दुकानासाठी कापलेला तो मोठा आरसा तुझ्या हातातून निसटला आणि कोपरापासून मनगटापर्यंत तुझा हात चिरला गेला. सतरा टाके. दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार लोकांसमोर बाबा तुझ्यावर ओरडले, "पुन्हा दुकानात पाऊल टाकलंस तर याद राख!" तुला वाटलं, आरसा फुटला म्हणून चिडले. महिन्याभरात तू पेटी भरलीस आणि लांबच्या शहरात चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात लागलीस. त्यांनी अडवलं नाही, तूही मागं वळून पाहिलं नाहीस. दोघंही एकाच मातीचे.

त्या संध्याकाळी मी काय पाहिलं ते ऐक. बाबा मोरीत खाली बसून तुझ्या रक्तानं भरलेला सदरा स्वतः धूत होते. डाग केव्हाच निघाला होता, तरी चोळत होते. पुढचे आठ दिवस त्यांना हिरकणी धरता येईना. सगळी कामं मी केली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, मिस्त्रींना ताप आहे. ते तुझ्यावर चिडलेले नव्हते, ठकू. घाबरले होते. एवढं एक वाक्य मी तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू गेली नसतीस. मी सांगितलं नाही. तू गेल्यावर टेबलापाशी मी एकटाच उरणार होतो. खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. रविवारी तू फोनवर म्हणालीस, "दादा, शेवटी तू होतास त्यांच्याजवळ, तुझे उपकार कसे फेडू?" त्या रात्रीच लिहायला बसलो. तू आलीस तेव्हा सगळं उरकलं होतं. तू विचारलंस, "बाबांनी माझं नाव काढलं का रे?" मी म्हणालो, त्यांना शुद्धच नव्हती. खोटं. शुद्ध शेवटपर्यंत होती. जायच्या तीन दिवस आधी, दुपारी, ते मला म्हणाले, "ठकूला फोन लाव. तिला सांगायचंय." मी म्हणालो, मला सांगा, मी कळवतो. तर म्हणाले, "तिलाच सांगीन. तिच्यात माझा हात उतरलाय. तुझ्यात नाही आला." बेडपॅन धुऊन मी नुकताच येऊन बसलो होतो. मी बाहेर गेलो, पाण्याच्या टाकीजवळ फोन हातात धरून उभा राहिलो आणि तुझा नंबर लावलाच नाही. परत येऊन म्हणालो, "येत नाही म्हणाली." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं." त्यानंतर त्यांनी तुझा विषय काढला नाही. माझ्याशी शेवटचं बोलले ते, "उशी जरा वर घे." त्यांना तुला काय सांगायचं होतं, ते मला माहीत नाही. काहीतरी गोड रचून तुला लिहिता आलं असतं, तीनदा तसं लिहून फाडलं. तू नाही म्हणालीस असं समजून ते गेले, आणि तुला वाटतं त्यांनी तुला हाक मारली नाही. दोन्ही माझ्यामुळे. माफी मागायचं तोंड नाही मला. फक्त माझे उपकार मानू नकोस. त्यांनी तुला बोलावलं होतं.

तुझाच,
(दादा लिहायला आज हात धजत नाही)